घरापुढची शीव

"आपल्यात पुरतात ते फक्त संन्याशाला," राजेंद्रकाका म्हणाले. "आणि गिरीशने काही संन्यास घेतला नव्हता. शेवटच्या आठवड्यापर्यंत श्रीखंड मागत होता म्हणे."

"अस्थी पुरायच्यात काका, माणूस नाही," मृणाल म्हणाली.

"तेच ते."

शनिवारची दुपार होती. काका परवाच नाशिकहून आले होते. व्हिसा वेळेवर मिळाला असता तर जानेवारीत, भाऊ गेला तेव्हाच आले असते. तेव्हापासून गिरीशच्या अस्थींचा कलश बैठकीच्या खोलीत, रामाच्या तसबिरीशेजारी, त्याच्याच कीर्तनाच्या उपरण्यात गुंडाळून ठेवलेला होता. काका त्याच खोलीत बसत, पण कलशाकडे पाठ करून. सहा फुटांचा मोठा भाऊ एवढ्याशा जागेत मावलेला त्यांना बघवत नव्हता.

"गंगा घराजवळ असताना," ते पुन्हा म्हणाले. नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी. "अण्णांच्या अस्थी रामकुंडात मी आणि गिरीशने मिळून सोडल्या. आईच्याही. आता त्याच्या राहिल्या. मी एकट्याने काय करायचं ते करीन. पण मला ते करू द्या ना."

शेवटचं वाक्य त्यांना जरा जड गेलं. मंजिरी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. तिने दिराकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हटलं, "भाऊजी, उद्याचं चालणं होऊ दे. मग ठरवू."

"वहिनी, मंगळवारी माझं विमान आहे."

"माहीत आहे."

उद्याचं चालणं म्हणजे लिटल स्केथॉर्पची शीव-प्रदक्षिणा. इंग्लंडात, लेस्टरच्या पूर्वेला, टेकड्यांच्या घडीत हे गाव बसलं आहे. गाव कसलं, वाडीच. एक चर्च, एक फोनची लाल पेटी जिच्यात आता जुनी पुस्तकं ठेवतात, आणि हाताच्या बोटांनी मोजता मोजता संपतील एवढी घरं. ईस्टरनंतरच्या एका रविवारी सगळं गाव विलोच्या फोका हातात घेऊन आपल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या क्षेत्राच्या, हद्दीवरून चालत जातं, हद्दीचा दगड आला की त्याला फोक मारतं आणि लहान पोरांना उचलून त्या दगडावर आपटतं, म्हणजे जन्मभर त्यांना गावाची शीव आठवावी. नकाशे नव्हते तेव्हाची रीत. गिरीश वैशंपायन या भागात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून आला, त्याने हे पाहिलं आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "अगं, ही तर ग्रामप्रदक्षिणा! फक्त पालखी तेवढी नाही."

पुढे प्रदक्षिणेच्या अग्रभागी तोच असायचा.

*

यशोधनला ते दगडावर आपटणं अजून आठवत होतं. बाबांनी आणि गावातल्या लेन अंकलनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. तो रडायला लागला तसे बाबा म्हणाले होते, "आता तू स्केथॉर्पचा झालास, लेका." शाळेत त्याला रोज कोणीतरी विचारायचं, तू खरा कुठला. त्याला दगडाची खूण दाखवावीशी वाटायची. पण ती कुठे होती, ते सांगायची सोय नव्हती.

"आई, प्रॅक्टिकली बघ ना," तो आता म्हणाला. "हा घर आपण विकणार. तू ब्रॅकनेलला माझ्याकडे येणार, नाहीतर पिनरला मृणालकडे. मग बाबा इथे एकटा. कोण येणार फूल ठेवायला? काका बरोबर बोलतायत."

"'बाबा एकटा' काय रे," मृणाल म्हणाली. "एकटे. आणि एकटे कसे? त्या चर्चच्या आवारात झोपलेला प्रत्येक माणूस बाबांच्या ओळखीचा आहे. अगदी सहाशे वर्षांपूर्वीचासुद्धा."

"ओके, बट दे आर डेड."

"बाबा पण, यश."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मेंढ्यांच्या कुरणात जमिनीच्या लाटा दिसत होत्या, एकीशेजारी एक, हिरव्या. काल मृणालने त्यांना सांगितलं होतं, की ती नांगरलेल्या शेताची जुनी सरी आहे, प्लेगच्या साथीत गाव ओस पडलं तेव्हा शेवटची नांगरलेली. आणि हे तिला बाबांनी सांगितलं होतं. कीर्तनात.

गिरीशला कीर्तनाचं वेड वडिलांकडून आलेलं. अण्णा नारदीय परंपरेतले कीर्तनकार. पण विलायतेत गिरीशने जे केलं ते अण्णांच्याही डोक्यात आलं नसतं. रामनवमीला गावच्या हॉलमध्ये तो अंगरखा, उपरणं घालून उभा राहायचा, मंजिरी पेटीवर, आणि उत्तररंगाला आख्यान लावायचा स्केथॉर्पचं. लेस्टरहून आलेली मराठी मंडळी आधी हसली आणि मग डोळे पुसू लागली. गावकऱ्यांना शब्द कळत नसत. पण मध्येच आपल्या पणजोबाचं नाव, आपल्या शेताचं नाव ऐकू आलं की ते एकमेकांना कोपराने ढोसत. पूर्वरंग संपून मध्यंतरात बुक्का लावायची वेळ आली की तेही रांगेत कपाळ पुढे करीत. साथीत सगळं गाव गेल्यावर मागे राहिलेली ॲलिस नावाची विधवा रोज संध्याकाळी चर्चची घंटा वाजवायची, तिच्यावर गिरीशने साकी रचली होती:

एकटीच ती ॲलिस बाई, घंटा-दोरी हाती ।
कुणासाठि ही वाजवि घंटा? उरली केवळ माती ॥

ही साकी संपली की झांज थांबायची, आणि त्या शांततेत न कळणारी माणसंसुद्धा मान खाली घालून बसायची. देवाचं नाव कुठल्या गावात घ्यावं याला बंधन नाही. पण ज्या गावात राहतो त्या गावाची माणसं देवासमोर उभी करावीत, असं गिरीश म्हणायचा.

आणि मग काही वर्षांपूर्वी त्याने ते आख्यान बंद केलं. कीर्तन चालू राहिलं, पण लेस्टरला, देवळात. ध्रुवाचं, सुदाम्याचं. स्केथॉर्पचं पुन्हा कधी नाही. मुलांनी विचारलं तर म्हणायचा, "आवाज साथ देत नाही." सुदाम्याला मात्र तो द्यायचा.

*

दाराची बेल वाजली. वेंडी होती, चर्चची वॉर्डन, म्हणजे तिथला कारभार बघणारी. ऐंशीच्या घरातली बाई, पायात चिखलाचे बूट, हातात झाकलेलं ताट. लेन तिचा नवरा, तीन वर्षांपूर्वी गेलेला. बूट तिने बाहेर काढले. इतक्या वर्षांत या घराची ती सवय तिला लागली होती. पण एरवी सरळ स्वयंपाकघरात शिरणारी वेंडी आज बैठकीच्या खोलीत, मोजे घातलेल्या पायांनी उभीच राहिली.

"बस ना," मंजिरी इंग्रजीत म्हणाली.

"आधी सांगते, मग बसते. बसू दिलंत तर." वेंडीने ताट टेबलावर ठेवलं. "मृणाल, तू जो अर्ज दिला होतास त्याचं उत्तर आलं. डॉक्टर व्हींसाठी. चर्चच्या आवारातल्या जागेचा."

डॉक्टर व्ही म्हणजे गिरीश. वैशंपायन हे नाव गावाने पहिल्याच आठवड्यात सोडून दिलं होतं.

"पॅरिशमध्ये राहणाऱ्याला तिथे जागा मिळायचा हक्क असतो," मृणाल काकांना मराठीत समजावू लागली. "धर्म विचारत नाहीत. म्हणून मी..."

"राहणाऱ्याला," वेंडी म्हणाली. मराठी तिला येत नव्हतं, पण मृणाल काय सांगतेय ते तिने ओळखलं. "तेच तर. चर्चच्या ऑफिसातल्या मुलीने नकाशा काढून पाहिला. हद्द तुमच्या फाटकासमोरच्या चरावरून जाते. हे घर स्केथॉर्पमध्ये नाही. कधीच नव्हतं."

यशोधन उठला. "सॉरी, काय?"

"ते पलीकडच्या पॅरिशमध्ये येतं. त्या पॅरिशला चर्च उरलेलं नाही, म्हणून कोणी..."

"माझे वडील बर्फातून चालत तुमच्या घरी आले होते, वेंडी. लेन अंकलचं हार्ट... मी होतो, बर्फात अडकलेल्या गाडीत. त्यांनी तुमचा इतिहास लिहिला. तुम्हाला कोणालाच येत नव्हता तो. आणि आता ऑफिसातली मुलगी सांगणार ते इथले नव्हते?"

मघापर्यंत अस्थी नाशिकला न्या म्हणणारा हाच मुलगा. काका त्याच्याकडे बघत राहिले. इंग्रजी त्यांना समजत होतं, पण त्याहून त्यांना मुलाचा आवाज समजत होता. गिरीश चिडला की त्याचा आवाजही असाच व्हायचा.

"पण दर वर्षी आपण घराच्या मागून जातो," मृणाल म्हणाली. "घर आत घेऊन. हद्द मागून आहे."

वेंडीने मंजिरीकडे पाहिलं आणि ती शेवटी खुर्चीच्या कडेवर टेकली.

"पूर्वी आम्ही उलटे जायचो," ती म्हणाली. "चर्चकडून निघून डाव्या हाताने. तिकडून आलं की चर सरळ समोर दिसतो, चुकायला वाव नाही. पहिल्या वर्षी डॉक्टर पुढे झाले आणि म्हणाले, देवाभोवती फिरायचं तर देव उजव्या हाताला पाहिजे. म्हणजे चर्च उजव्या हाताला. म्हटलं, ठीक आहे, डॉक्टर सांगतायत. पण त्या बाजूने आलं की तुमच्या घरापाशी दोन वाटा फुटतात, आणि चर झुडपांत दिसत नाही. ते मागच्या वाटेने वळले. आम्ही सगळे थांबलो. सगळ्यांना माहीत होतं. लेनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चल."

"का नाही सांगितलंत?" मृणालने विचारलं.

"सांगायचं काय? की डॉक्टर, तुमचं घर बाहेर आहे, वळा मागे? ते इतके खुशीत चालले होते. दुसऱ्या वर्षी सांगू म्हटलं. दुसऱ्या वर्षी ते पोराला घेऊन आले, दगडावर बसवायला." ती यशोधनकडे बघत म्हणाली. "मग कोणाची छाती होती सांगायची?"

*

मृणाल पिनरच्या दवाखान्यात रोज माणसांना वाईट बातम्या देते, आवाज न हलवता. आत्ता तिला वाटत होतं, आपल्या घराखालची जमीन कोणीतरी चटईसारखी गुंडाळून नेतंय. सगळं गाव हसत होतं का मागून? नव्हतं, हे तिला कळत होतं. पण बाबा पुढे, छाती काढून, आणि मागे सगळे जाणते. मुलासारखं सांभाळून घेतलं त्यांना. दया केली.

"मग नको," ती मराठीत म्हणाली. "काका, तुम्ही घेऊन जा बाबांना. इथे नको ठेवायला."

"मृणाल, आत्ता तूच..." काका म्हणाले.

"घेऊन जा म्हणते ना!"

"कळलं होतं त्यांना," मंजिरी म्हणाली.

ती हे मराठीतच बोलली, आणि मग वेंडीकडे वळून इंग्रजीत. "वेंडी, त्यांना माहीत होतं."

वेंडीचा हात तोंडावर गेला.

मंजिरीला तो दिवस काल घडल्यासारखा दिसत होता. चर तुंबला म्हणून गिरीश फावडं घेऊन उतरला होता. खाजऱ्या पाल्याच्या खाली त्याला दगड लागला. त्याने तो हाताने पुसला. वर हद्दीची खूण. तो आत आला तेव्हा मातीचे हात तसेच होते. मंजिरी, म्हणाला, आपण गावाबाहेर आहोत गं. तिला वाटलं चेष्टा करतोय. मग त्याने जेवणाच्या टेबलावर बोटाने पाणी ओढून तिला शीव काढून दाखवली, आणि स्वतःशीच हिशेब लागल्यासारखा म्हणाला, यांना सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या वळणावर दर वर्षी सगळे गप्प होतात.

"मी म्हटलं, मग सांगून टाका," मंजिरी आता सांगत होती, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, ज्याला जे कळेल तसं. "तर म्हणाले, सांगितलं तर त्यांना लाज वाटेल. इतकी वर्षं त्यांनी माझं मन राखलं, आता मी त्यांचं राखतो. चालायचे ते, त्याच मागच्या वाटेने. पण आख्यान लावेनात. मी पेटी काढली रामनवमीला, तर म्हणाले, मिटून ठेव. आख्यानात शीव सांगावी लागते, चारी दिशा, आणि आपलं घर. नारदाच्या गादीवर उभं राहून खोटं कसं बोलू? आणि समोर हीच माणसं बसलेली. खरं तरी कसं बोलू?"

काकांनी डोळे मिटले. गादीवर उभं राहिलं की जीभ आपली नसते, असं अण्णा म्हणायचे. दोघा भावांना शेजारी बसवून म्हणायचे. एकाने ऐकलं होतं तर.

"म्हणजे त्यामुळे थांबले?" वेंडीचा आवाज फुटला. "आम्हाला वाटलं, आमच्यामुळे. त्या शेवटच्या वर्षी तुम्ही ती काळी पूड लावलीत आणि लेनला शिंक आली. सगळीकडे उडाली ती, तुमच्या देवाच्या फोटोवरसुद्धा. आम्ही हसलो. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी बोलावलं नाही. लेन म्हणाला, मी त्यांच्या देवाचा अपमान केला. मी म्हटलं, जाऊन माफी माग. धीर झाला नाही त्याचा. शेवटी हॉस्पिटलमध्ये पण तेच म्हणत होता, वेंडी, त्या दिवशी मी शिंकलो."

"अगं, तेव्हा हे घरी येऊन पोट धरून हसत होते," मंजिरी म्हणाली. "राम पण हसला म्हणाले."

वेंडी रडू लागली. मंजिरी उठून तिच्याजवळ गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या पायाशी गालिच्यावर बसली. दोघी बायका एकमेकींचे हात धरून रडल्या. एका शब्दाने मिटलं असतं ते, आणि तो शब्द ज्यांनी बोलायचा ते दोघेही आता नव्हते.

*

वेंडीनेच आधी नाक पुसलं.

"मी एक सांगायला आले होते. व्हिकार, आमचा पाद्री, सात गावं सांभाळतो, त्याला इथलं काही माहीत नाही. तो म्हणाला, वॉर्डनने लिहून द्यावं, की परंपरेने हे घर पॅरिशमध्ये धरतात. बास. मी लिहून देते. तीस वर्षं मी तुमच्या घरामागून चालले आहे, मंजिरी. ते खोटं होत नाही."

"द्या लिहून," यशोधन म्हणाला.

काकांनी घसा साफ केला. परवापासून पहिल्यांदाच ते कलशाकडे तोंड करून बसले. "वहिनी," ते म्हणाले, "करू दे तिला सही. मी अडवत नाही. इतक्या माणसांनी ज्याला आत धरलं, त्याला मी ओढून कुठे नेऊ? गंगा समजून घेईल."

"भाऊजी..."

"खरंच सांगतो. मी आलो तेव्हा मला वाटलं, परक्या गावात पडलाय माझा भाऊ."

मंजिरीला त्या क्षणी हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की गिरीश चर्चच्या भिंतीपाशी, यू नावाच्या झाडाखाली राहणार होता. त्याने कितीदा ती जागा दाखवली होती, इथून ॲलिसची घंटा नीट ऐकू येईल म्हणून. मुलं येतील, तीही पिनरहून येईल, शेजारी बसेल. वेंडीच्या एका सहीचा प्रश्न होता.

"नाही," ती म्हणाली.

"आई!"

"ज्या एका वाक्यासाठी त्यांनी आख्यान सोडलं, ते मी त्यांच्या डोक्याशी लिहून ठेवू?"

"मग बाहेरचे म्हणून परवानगी मागू," वेंडी घाईने म्हणाली. "तशीही देतात. खास बाब म्हणून."

मंजिरीने मान हलवली. "बाहेरचा म्हणून इथे त्यांना एक दिवस राहता आलं नसतं गं."

"मग बागेत?" यशोधन म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आपल्याच बागेत, आई?"

"घर विकल्यावर, राजा?"

मृणालने यशोधनचा हात धरला. सकाळपासून दोघं एकमेकांशी भांडत होते.

"भाऊजी, मंगळवारी घेऊन जा त्यांना," मंजिरी म्हणाली. "माझं तिकीट मिळालं तर मीही येते. आणि वेंडी, उद्या पुढे मी चालेन."

*

रविवारी ऊन होतं. घंटा झाली आणि गाव निघालं, चर्च उजव्या हाताला ठेवून. ते बदलायचं कोणाला सुचलं नाही. पुढे मंजिरी, खोचलेली साडी, वर गिरीशचा जाड कोट. मागे काका, हातात विलोची फोक कशी धरायची ते न समजल्यामुळे छडीदारासारखी उभी धरलेली. एका बाईने कानटोपी सावरत त्यांना दगड दाखवला, तर त्यांनी मारण्याआधी दगडाला नमस्कार केला. मागचे दोघे-तिघे गोंधळून वाकले.

घर आलं. दोन वाटा फुटल्या. मंजिरीच्या मागची माणसं सवयीने मागच्या वाटेला वळली आणि तिथे, नेहमीसारखं, सगळ्यांचं बोलणं थांबलं.

"इकडून," मंजिरी म्हणाली.

ती झुडपं बाजूला सारत चराच्या कडेने निघाली. काटे कोटाला ओढत होते. एकामागून एक सगळे तिच्यामागे आले, घराच्या पुढून, फाटकासमोरून. यशोधन फाटकापाशी थांबला. आपल्याच घराकडे असा बाहेरून बघायची त्याला सवय नव्हती. दगडाजवळ मंजिरीने पायाने तो खाजरा पाला दाबून धरला, आणि वेंडीने फोक उगारून दगडावर मारली. मग बाकीच्यांनी. काकांनीही मारली, हळूच.

मंजिरीने मारली नाही. चरावर फाटकासमोर फरशी टाकलेली होती. तिच्यावरून ती पलीकडे गेली, आपल्या बाजूला.

"ये ना," वेंडी म्हणाली. "अजून अर्धी व्हायची आहे."

"मी येते की. इकडून येते."

माणसं पुढे चालू लागली. वेंडी चराच्या एका काठाने, मंजिरी दुसऱ्या. मध्ये पाणी फारसं नव्हतं. हात पुढे केला असता तर पोचला असता. वेंडी तिला सांगत होती, लेनला शेवटी शेवटी काय काय खावंसं वाटायचं, आणि मंजिरी हसत होती, डोळे पुसत होती, सांगत होती, यांना श्रीखंड. पुलापाशी चर उजवीकडे ओढ्यात उतरतो आणि हद्द त्याच्याबरोबर वळते. वेंडीला गावाकडे वळावं लागलं. मंजिरी शिवेबाहेरच्या काठाने तिथपर्यंत आली आणि उभी राहिली.